काळ्या पडद्याला घाबरू नका : प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी युनिक्सची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते, 'कॉम्प्युटरला घालू या का?' मग कुणी बीसीएला जातं, कुणी बीएस्सी कॉम्प्युटरला, कुणी पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला. फीची जुळवाजुळव होते, जमलं तर लॅपटॉपही येतो. घरात आनंद असतो. खरी परीक्षा मात्र पहिल्या महिन्यात, लॅबमध्ये होते. तिच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. उर्दू माध्यमातून चांगल्या मार्कांनी पास झालेली, गणितात हुशार. कॉलेजातल्या पहिल्या प्रोग्रामिंग प्रॅक्टिकलला ती बसली तर समोर नुसता काळा पडदा. ना चित्रं, ना बटणं, माउसचाही काही उपयोग नाही. कोपऱ्यात एक छोटीशी रेघ लुकलुकत होती. पासवर्ड टाइप केला तर पडद्यावर एक अक्षर उमटेना. तिला वाटलं, कीबोर्ड खराब आहे. शेजारची मुलं मात्र भराभर टाइप करत होती. घरी येऊन ती रडली. 'अम्मी, ये मेरेसे नहीं होगा,' म्हणाली. दोन दिवस घरात कोर्स बदलायचा विषय चालला होता.

गंमत अशी, की कीबोर्ड ठीकच होता. युनिक्समध्ये पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसतच नाहीत. मागून कुणी बघितलं तरी पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही कळू नये, म्हणून तशी सोय आहे. एवढी एक गोष्ट आधी सांगणारं कुणी असतं, तर त्या घरातले ते दोन दिवस वाचले असते. ज्या घरात आधी कुणी इंजिनिअर किंवा प्रोग्रामर नाही, तिथं हे सांगणार कोण? म्हणून आज आम्ही हा विषय अगदी मुळापासून समजावून घेणार आहोत.

युनिक्स म्हणजे नेमकं काय?

संगणकात प्रोसेसर असतो, मेमरी असते, डिस्क असते. एकाच वेळी अनेक प्रोग्रामना हे सगळं हवं असतं. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाची फाइल कुठे ठेवायची, कुणाला काय बघू द्यायचं, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एक, युनिक्स ही दुसरी.

युनिक्सचे दोन भाग विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी माहीत हवेत. एक 'कर्नेल', म्हणजे गाभा. प्रत्यक्ष यंत्र तो चालवतो. दुसरं 'शेल', म्हणजे कवच. लग्नाच्या दावतीत पाहुणा उठून भटारखान्यात जात नाही. तो वाढणाऱ्याला सांगतो आणि वाढणारा आतून आणून देतो. तसंच आपण शेलला सांगायचं आणि शेलनं कर्नेलकडून काम करवून घ्यायचं. काळ्या पडद्यावर जी रेघ लुकलुकत असते, ती म्हणजे शेल आपल्याला विचारत असतं, 'बोला, काय हवंय?' पडदा रिकामा असतो, कारण आता बोलायची पाळी आपली असते.

याची सुरुवात कशी झाली?

गोष्ट १९६९ ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेनं 'मल्टिक्स' नावाच्या एका मोठ्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं. तिथं काम केलेल्या केन थॉम्पसन यांनी एका जुन्या, छोट्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःची साधी सिस्टिम लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या सोबत होते. 'युनिक्स' हे नावसुद्धा 'मल्टिक्स'वरची कोटी आहे. मल्टिक्समध्ये अनेकपणा, तर युनिक्समध्ये एकपणा.

पुढे रिची यांनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम बहुतेक वेळा एका ठरावीक यंत्राच्याच भाषेत लिहिली जायची. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा. सी-मुळे युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं सोपं झालं. आपली मुलं पहिल्या वर्षी जी सी भाषा शिकतात, ती युनिक्सच्याच घरात वाढलेली आहे. म्हणून सी शिकवणारे अनेक शिक्षक युनिक्सचा आग्रह धरतात. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार थॉम्पसन आणि रिची या दोघांना मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वांत मोठा सन्मान मानला जातो.

युनिक्सचा वर्गाशी संबंधही जुना आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९ हजार ओळी विद्यार्थ्यांसाठी छापल्या आणि त्यांवर ओळीनिशी स्पष्टीकरण लिहिलं. पण सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कंपनीनं अट घातली, की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. मग त्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती जगभर हातोहात फिरत राहिल्या. रीतसर छापील आवृत्ती यायला १९९६ उजाडलं.

कोड शिकवता येत नाही, या अडचणीतून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी 'मिनिक्स' ही छोटी सिस्टिम लिहिली. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी मिनिक्स वापरायचा. १९९१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्यानं स्वतःचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाची साधनं त्याला जोडली गेली आणि युनिक्ससारखीच चालणारी, फुकट आणि खुली सिस्टिम सर्वांच्या हाती आली. आज कॉलेजात 'युनिक्स' म्हणून बहुतेक ठिकाणी लिनक्सच शिकवतात. आज्ञा जवळपास त्याच आहेत.

हे शिकून काय उपयोग?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो बरोबरच आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे. ॲपलच्या मॅक संगणकांचा पाया युनिक्सचा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. बहुतेक वेबसाइट, बँकिंग आणि ॲपमागचे सर्व्हर याच कुटुंबातले आहेत. त्या सर्व्हरना बहुतेक वेळा पडदाही जोडलेला नसतो. त्यांच्याशी बोलायचं ते याच काळ्या खिडकीतून.

आपल्याकडची एक अडचण इथं सांगायला हवी. अनेक मुलं अजूनही जुन्या 'टर्बो सी'वर सी शिकतात. हे १९८७ मध्ये आलेलं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर. त्यात शिकलेली मुलं प्रोग्रामच्या सुरुवातीला पडदा साफ करणारी 'क्लिअर-स्क्रीन' आज्ञा आणि शेवटी पडदा थांबवणारी 'गेट-सीएच' आज्ञा लिहायला शिकतात. 'मेन'च्या आधी 'व्हॉइड' लिहितात. नोकरीच्या चाचणीत किंवा पुढच्या कोर्सला समोर लिनक्स येतं, तेव्हा तोच प्रोग्राम चालत नाही, कारण त्या आज्ञा सी भाषेच्या नव्हत्याच. त्या डॉसवरच्या एका वेगळ्या फाइलमधल्या होत्या. मुलाला वाटतं, आपल्याला सीच येत नाही. असं नसतं. ते सी शिकलेलं असतं, फक्त एकाच यंत्राच्या सवयींसकट. म्हणून पहिल्या वर्षापासूनच युनिक्सवर हात बसलेला बरा.

पहिल्या दिवशी एवढंच शिका

खाली आज्ञांची नावं आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची आणि एंटर दाबायचं.

'पीडब्ल्यूडी' म्हटलं की आपल्याला रस्ते-पूल बांधणारं सरकारी खातं आठवतं. इथं त्याचा अर्थ 'मी आत्ता कुठे उभा आहे ते सांग' असा आहे. नवखा माणूस हरवतो तो इथंच. म्हणून गोंधळ झाला की आधी ही आज्ञा द्या.

'एलएस' म्हणजे इथं काय काय ठेवलंय त्याची यादी. 'सीडी' म्हणजे जागा बदलणं. 'सीडी'नंतर जागा सोडून दोन टिंबं दिली की एक पायरी वर. 'एमकेडीआयआर'नं नवं फोल्डर बनतं. 'सीपी'नं प्रत निघते. 'एमव्ही'नं फाइल हलते किंवा तिचं नाव बदलतं. 'कॅट'नं फाइल पडद्यावर वाचता येते. 'मॅन' म्हणजे मॅन्युअल. 'मॅन एलएस' लिहिलं की 'एलएस'ची सगळी माहिती समोर येते आणि क्यू दाबलं की बाहेर पडता येतं.

एका आज्ञेशी जपून. 'आरएम'नं फाइल पुसली जाते आणि इथं रिसायकल बिन नाही. गेली ती गेली. एंटर दाबायच्या आधी ओळ एकदा वाचा.

आता त्या चार गोष्टी, ज्या पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात असतात, पण मुलं अडतात त्यांच्यावरच.

पहिली : युनिक्स लहान आणि मोठं अक्षर वेगळं मानतं. मराठी आणि उर्दू, दोन्ही लिप्यांत मोठी-लहान अक्षरं हा प्रकारच नाही. त्यामुळे आपल्या माध्यमांतून आलेल्या मुलांचं तिकडे लक्ष जात नाही. फाइलचं पहिलं अक्षर मोठं ठेवलं आणि नंतर लहान लिहिलं, की 'अशी फाइलच नाही' असं उत्तर येतं. फाइल असते, नाव वेगळं पडतं.

दुसरी : काम नीट झालं तर युनिक्स बहुतेक वेळा गप्प बसतं. फाइलची प्रत निघाली, पण पडद्यावर 'झालं' असं येत नाही. गप्प म्हणजे खैरियत. गडबड असली की ते बोलतं.

तिसरी : कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की विंडोजमध्ये मजकूर कॉपी होतो. इथं मात्र चालू प्रोग्राम थांबतो. प्रोग्राम अडकून फिरत राहिला तर हीच सुटका आहे.

चौथी : पूर्ण नाव टाइप करायची गरज नाही. दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं शेल भरतं. वरचा बाण दाबला की आधी दिलेली आज्ञा परत येते. शेजारची मुलं भराभर टाइप करताना दिसतात, त्यांतली अर्धी करामत या दोन कळांची असते.

पहिला प्रोग्राम

विंडोजमध्ये एक बटण दाबलं की प्रोग्राम चालतो. मधे काय घडलं ते दिसत नाही. युनिक्समध्ये पायऱ्या वेगळ्या दिसतात आणि शिकण्याच्या दृष्टीनं तोच फायदा आहे.

आधी 'नॅनो'सारख्या साध्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहून टिंब-सी अशा शेवटाच्या नावानं जपून ठेवायचा. मग 'जीसीसी' आणि पुढे फाइलचं नाव द्यायचं. हा कंपायलर आपला मजकूर यंत्राच्या भाषेत बदलतो. चूक नसेल तर तो गप्प राहतो आणि 'ए डॉट आउट' नावाची नवी फाइल तयार होते.

ती चालवताना मुलं नुसतं 'ए डॉट आउट' लिहितात आणि 'आज्ञा सापडली नाही' असं उत्तर येतं. कारण शेल आज्ञा शोधतं ते ठरलेल्या जागांच्या यादीत आणि आपण उभे आहोत ती जागा सहसा त्या यादीत नसते. म्हणून आधी टिंब, मग तिरकी रेघ आणि मग नाव लिहायचं. टिंबाचा अर्थ 'इथंच'. म्हणजे 'इथं ठेवलेली ही फाइल चालव.' हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही.

आता 'व्हॉइड'चा मुद्दा. शिक्षक 'मेन'च्या आधी 'इंट' लिहा म्हणतात, ते का? कारण प्रोग्राम संपताना शेलला एक आकडा परत देतो. ० म्हणजे काम नीट झालं, इतर आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. प्रोग्राम संपल्यावर लगेच 'एको' लिहून जागा सोडून डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाइप केलं की तो आकडा दिसतो. मोठ्या कामांत एक प्रोग्राम यशस्वी झाला तरच दुसरा सुरू करायचा असतो. ते याच आकड्यावरून ठरतं.

लहान साधनं, मोठं काम

युनिक्सची खरी ताकद आहे 'पाइप'मध्ये. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हातात द्यायचं. कीबोर्डवरची उभी रेघ म्हणजे पाइप.

समजा, वर्गाच्या यादीची एक फाइल आहे. एका ओळीत एक विद्यार्थी आणि त्याचं गाव. मालेगावचे किती? 'ग्रेप' ही आज्ञा दिलेला शब्द असलेल्या ओळी निवडते. 'डब्ल्यूसी'ला उणे चिन्ह आणि एल जोडलं की ती ओळी मोजते. दोघींच्या मधे उभी रेघ टाकली की उत्तर हजर. यादी ५० जणांची असो की ५ लाखांची, आज्ञा तीच. एक साधन एकच काम करील पण नीट करील आणि दुसऱ्याशी जुळवून घेईल, असा हा विचार आहे. प्रोग्राम लिहितानाही हेच शिकवतात. मोठं काम लहान फंक्शनमध्ये वाटून टाका.

फाइलची कुलपं

युनिक्स सुरुवातीपासून अनेकांनी मिळून वापरायची सिस्टिम आहे. म्हणून प्रत्येक फाइलवर तीन लोकांसाठी परवानग्या असतात : मालक, त्याचा गट आणि इतर सगळे. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं आणि चालवणं यांची वेगवेगळी मुभा देता येते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज केली की एक आकडा मिळतो. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो (४ अधिक २), गट आणि इतर फक्त वाचू शकतात. ६०० म्हणजे मालकाशिवाय कुणालाच काही नाही. कॉलेजच्या सामाईक सर्व्हरवर असाइनमेंट ठेवताना 'सीएचमॉड ६००' आणि फाइलचं नाव लिहिलं तर शेजारचा ती उचलू शकत नाही. मात्र हे आकडे टाइप करताना इंग्रजी अंकांतच करायचे.

आपल्या भाषा इथं चालतात का?

चालतात आणि त्याचं श्रेयही याच मंडळींकडे जातं. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका छोट्या उपाहारगृहात बसून 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच रीतीनं साठवता याव्यात, ही त्यामागची कल्पना. आज वेबवरचा बहुतेक मजकूर याच पद्धतीत असतो.

मुलांनी करून बघावा असा एक प्रयोग. सी-मध्ये शब्दाची लांबी मोजणारं 'स्ट्रलेन' हे फंक्शन आहे. त्याला देवनागरीत 'सलाम' हा शब्द द्या. उत्तर १२ येईल. उर्दू लिपीत सीन, लाम, अलिफ, मीम लिहून द्या. उत्तर ८ येईल. शब्द एकच, उत्तरं दोन. कारण 'स्ट्रलेन' अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि 'सलाम'मध्ये काना धरून चार चिन्हं आहेत. उर्दूच्या या अक्षरांना प्रत्येकी २. नुसतं इंग्रजी टाइप करणाऱ्या मुलाला हा फरक कधी दिसतच नाही. आपल्या मुलांकडे दोन-तीन लिप्या आहेत, त्यांना तो पहिल्याच वर्षी दिसू शकतो.

महागडा लॅपटॉप लागतो का?

नाही. लिनक्स फुकट आहे. 'लुबुंटू'सारखी हलकी आवृत्ती जुन्या, ४ जीबी मेमरीच्या संगणकावरही चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसतं बघताही येतं, त्यानं आतलं काही पुसलं जात नाही. मात्र कायमचं बसवण्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे जपून ठेवा आणि जाणकाराला सोबत घ्या. विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यातच 'डब्ल्यूएसएल' नावाची सोय करून लिनक्स चालवता येतं. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर 'टर्मक्स' हे ॲप आहे. त्यात वरच्या बहुतेक आज्ञा आणि सीचा कंपायलरसुद्धा चालतो. पडदा लहान पडतो, पण सरावाला पुरतो.

शिकायला आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स आणि सीचे छोटे धडे मराठीतही मोफत मिळतात. सी-डॅकनं तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स आवृत्तीही मोफत आहे आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे.

घरच्यांनी काय करायचं?

सुरुवातीला ज्या मुलीची गोष्ट सांगितली, तिची अम्मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. संगणकातलं तिला काहीच कळत नाही. पण मुलगी अडली की ती एकच विचारायची, 'मशीनने क्या बोला? पढ के सुना.' मुलगी चुकीचा संदेश मोठ्यानं वाचायची, मग त्याचा अर्थ अम्मीला समजेल असा सांगायची. सांगता सांगता चूक तिलाच सापडायची. संदेशात फाइलचं नाव असतं, कितव्या ओळीत गडबड आहे ते असतं आणि काय अपेक्षित होतं तेही असतं. बहुतेक मुलं तो न वाचताच घाबरतात. एक लक्षात ठेवायचं : दहा चुका दाखवल्या तरी आधी फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. बाकीच्या अनेकदा पहिलीतूनच निघालेल्या असतात.

म्हणून पालकांना आमची विनंती एवढीच. पहिल्या महिन्यात मूल 'जमत नाही' म्हणालं तर लगेच कोर्स बदलायचा विषय काढू नका. रोज अर्धा तास सराव करू द्या, तीन-चार आठवडे वाट बघा. आणि जी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचली आहेत, त्यांनी मोहल्ल्यातल्या नव्या मुलांना एखाद्या रविवारी तासभर सोबत बसवावं. पासवर्ड दिसत नाही, गप्प म्हणजे खैरियत आणि टिंब म्हणजे 'इथंच', एवढं सांगितलं तरी पहिल्या प्रॅक्टिकलची भीती बरीच उतरते. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि आपल्या गल्लीतल्या दोघींना हेच सांगते आहे.